भिशीचे दोन हप्ते आणि चेंजिंग रूममधलं गुपित

ताई, नमस्कार.

मी सांगलीची, वय ४१. घरी शिकवण्या घेते. दीड वर्षापूर्वी घराजवळच्या लेडीज जिममध्ये नाव घातलं. डबे, शाळा, कामवाली सगळं उरकून येणाऱ्या आम्हा बायकांची साडेदहाची बॅच आहे. ट्रेनर म्हणते, तुमची तोंडं ट्रेडमिलपेक्षा जोरात चालतात. खरं आहे ते.

जानेवारीत बॅचमधल्या बारा जणींनी भिशी सुरू केली. महिन्याला ३,००० रुपये, दहा तारखेला चिठ्ठी, जिला लागेल तिला ३६,०००. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू वही ठेवतात. एप्रिलची भिशी माझ्या मैत्रिणीला लागली. तिला सुजाता म्हणूया. मेचा हप्ता तिनं वेळेवर भरला. मग मेच्या शेवटी एकदा चेंजिंग रूममध्ये म्हणाली, "चेस्ट प्रेस जास्त झालं वाटतं गं, काखेजवळ गाठ आल्यासारखी लागतेय. बघ जरा." मी हात लावून पाहिलं आणि म्हटलं, आजच्या आज डॉक्टरांना दाखव. तिनं दाखवलं. मिरजेला तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. तिनं मला शपथ घातली, कुणाला सांगू नकोस, जिममध्ये तर मुळीच नको. जूनच्या मध्यावर मेसेज आला, 'ऑपरेशन झालं. ठीक आहे.' त्यानंतर माझ्याही मेसेजना उत्तर नाही.

इकडे जून आणि जुलैचे हप्ते आले नाहीत. काकूंनी ६,००० स्वतःच्या पदरचे घातले. आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज चर्चा. भिशी उचलली आणि पसार झाली, हेच सगळ्यांचं मत. ऑगस्टच्या दहा तारखेआधी सगळ्यांनी मिळून तिच्या घरी जाऊन जाब विचारायचा, असंही ठरतंय. मी गप्प बसते आणि रात्री झोप लागत नाही. खरं सांगून टाकू का? की तिचे हप्ते मीच गुपचूप भरून टाकू? नवऱ्याला हप्त्यांपुरतं सांगितलं, तर तो म्हणाला, "जिममधली ओळख ती. उद्या जिम सोडलीस तर कोण कुणाला विचारणार आहे? कशाला पडतेस त्यात?" त्याचं बोलणं फार लागलं.

– सांगलीची एक मैत्रीण

*

सांगलीच्या मैत्रिणीस,

आधी ती स्वारी थांबवा. बाकी सगळं नंतर.

दहा-अकरा बायका एखाद्या घरी हप्ता मागायला गेल्या, तर दार कोण उघडेल? सुजाता नाही. ती आत झोपलेली असेल. दार उघडेल नवरा, सासू किंवा शाळेतून आलेली मुलगी. आणि त्या घरात भिशीबद्दल माहीत आहे का, याचा विचार तुमच्यापैकी एकीने तरी केला आहे का? भिशीचे पैसे पुष्कळ घरांत बाईचे एकटीचे असतात. किराणातून, शिवणातून, दिवाळीच्या ओवाळणीतून बाजूला काढलेले, आणि घरातल्यांनी विचारलं तर "आहेत थोडे" एवढंच उत्तर असलेले. सुजाताच्या घरी तसं असेलच असं नाही. पण तसं असेल, तर आजारी बाईच्या उशाशी ३६,००० रुपयांचा हिशेब उलगडायला तुम्ही सगळ्या मिळून गेल्यासारखं होईल. आजाराचं गुपित राखलं आणि पैशाचं फोडलं, तर तिला दोन्ही सारखंच.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. सुजाता त्या ग्रुपमध्ये अजून आहे ना? तुम्ही कुणी तिला काढल्याचं लिहिलेलं नाही, ती बाहेर पडल्याचंही नाही. म्हणजे 'पसार झाली' हे ती वाचते आहे. ऑपरेशननंतर माणूस दिवसभर पडून असतं, हातात फोनच असतो. तुमच्या मेसेजला ती उत्तर का देत नाही, याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. तिला वाटत असेल, हिनंही सांगितलं असणार. किंवा, हिला सगळं ठाऊक असून ही एक अक्षर बोलत नाही.

म्हणून आजच ग्रुपवर दोन ओळी लिहा: "सुजाताशी मी बोलते आहे. दहा तारखेच्या आत काकूंना काय ते कळवीन. तोवर इथे कुणी काही लिहू नका, ती हे वाचते." यात आजार नाही, सफाई नाही, तिची बाजूही घेतलेली नाही. तुम्ही जबाबदारी घेतली, एवढंच. मग फोन येतील. "तुला काय माहितीये गं?" त्यावर सरळ म्हणा, "माहीत असलं तरी ते माझं सांगायचं नाही." एकदोघी फुगतील. फुगू द्या.

खरं सांगून टाकू का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. तिच्या बचावासाठीसुद्धा नाही. तुम्हाला वाटतं, खरं कळलं की सगळ्या हळहळतील, काकू ६,००० विसरतील आणि सुजाताचं नाव स्वच्छ होईल. होईलही. पण तिनं "जिममध्ये तर मुळीच नको" का म्हटलं, ते बघा. लेडीज जिम ही शरीराबद्दल मोकळेपणानं बोलायची जागा. कुणाचे दंड उतरले, कुणाचं पोट अजून सुटलेलंच आहे, कुणाला ब्रा कुठली बसते, कुणाची पाळी दोन महिने आलेली नाही. हे सगळं तिथे हसतहसत चालतं, कारण तिथे प्रत्येकीचं शरीर ही तिनं सुधारायला घेतलेली गोष्ट असते. त्या खोलीत 'बिचारी' म्हणून परत यायचं तिला नको आहे. घरी ती पेशंट आहे, मिरजेला पेशंट आहे, नातेवाइकांत पेशंट आहे. साडेदहाच्या बॅचमध्ये ती अजून चेस्ट प्रेस मारणारी बाई आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, कितीही चांगल्या हेतूनं असला तरी.

आता तिच्याशी बोलायचं कसं. 'कशी आहेस', 'काही लागलं तर सांग', 'टेक केअर' हे तुम्ही पाठवून झालं असणार. अशा मेसेजनं आजारी माणसाला नवं काम लागतं: काय लागतं ते ठरवा, मग ते मागायचा संकोच गिळा. त्यापेक्षा असं लिहा:

"सुजाता, मी कुणालाही काही बोललेले नाही, बोलणारही नाही. उत्तराची घाई नाही. गुरुवारी अकरा वाजता मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असेन. डबा हवा असेल तर नुसतं 'हो' पाठव. नको असेल तर काहीच पाठवू नकोस, मी राग मानणार नाही."

पहिलं वाक्य गाळू नका, तिला तेच हवं आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या गुरुवारी पुन्हा, दुसरं काही विचारा. डब्याऐवजी गाडीचं विचारा. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर कुणाला केमो लागते, कुणाला रेडिएशन, कुणाला दोन्ही. रेडिएशन असेल तर बहुधा आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे, रोज जावं लागतं. सांगली-मिरज काही लांब नाही, पण रोज सोबत जायला घरातलं माणूस रजा कुठून आणणार? दोन वारांची जबाबदारी तुम्ही घेतलीत तर ती खरी मदत. मुलीला क्लासला सोडणं, हीसुद्धा. काही न्यायचंच असेल तर पुढून बटणं असलेला सैल गाऊन न्या. ऑपरेशननंतर हात वर जात नाही, डोक्यातून कपडा घालणं नकोसं होतं.

आणि आपल्याकडे पेशंटला 'बघायला' जायची जी रीत आहे, ती कृपा करून पाळू नका. मोसंबी घेऊन जायचं, पलंगाच्या कडेला तासभर बसायचं आणि आपल्या चुलत नणंदेच्या जावेला हेच झालं होतं, ती कशी गेली, ते सांगायचं. मला आजवर याचं कारण कळलेलं नाही. बोलावलं तरच जा, वीस मिनिटं बसा, सर्दी-खोकला असेल तर अजिबात जाऊ नका. केमोच्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तुमची साधी सर्दी तिला दवाखान्यात नेऊ शकते. डब्यात काय चालेल तेही विचारून घ्या. फोडणीचा वाससुद्धा कित्येकींना नकोसा होतो.

आता पैसे. इथे मी काकूंच्या बाजूनं बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांची बाजू कुणी घेतलेली नाही. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्राचा कायदा आहे, त्याखाली नोंदणी लागते. तुमची बारा जणींची भिशी अर्थातच नोंदलेली नसणार. ती उभी आहे काकूंच्या वहीवर आणि काकूंच्या तोंडच्या शब्दावर. उद्या ती फुटली तर त्या कुणाकडे जाणार? जून-जुलैच्या दोघींना पूर्ण रक्कम मिळावी म्हणून त्यांनी स्वतःचे ६,००० घातले आणि बहुधा ग्रुपवर त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. पसार झाली म्हणणाऱ्या वेगळ्याच असाव्यात. किती पैसे येणं आहे आणि ते कधी येतील, हे कळायचा काकूंना पूर्ण हक्क आहे. हप्ते का थकले, हे कळायचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, तर तुमची शपथही राहील आणि काकूंवर अन्यायही होणार नाही.

गुपचूप हप्ते भरायची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका. हिशेब करू. थकलेले दोन हप्ते ६,०००, ऑगस्ट ते डिसेंबर पाच हप्ते १५,०००, एकूण २१,०००. शिकवण्या घेणाऱ्या बाईला ही रक्कम छोटी नाही. पण पैसा हे मुख्य कारण नव्हे. तिला न विचारता तुम्ही तिला स्वतःची देणेकरी करून ठेवाल. कधीतरी तिला ते कळेलच, वहीतून किंवा कुणाच्या तोंडून. मग बरी झाल्यावर ती तुमच्याकडे बघताना आधी २१,००० आठवेल. आणि तुम्हीही माणूसच आहात. दिवाळीत हात आखडला की तुमच्या तोंडून घरी काहीतरी निघून जाईल.

तेव्हा पैशाचं तिच्याशीच बोला, पण आजाराच्या बोलण्यात मिसळू नका. वेगळा मेसेज, वेगळ्या दिवशी, साधा: "भिशीचे जून-जुलैचे हप्ते राहिलेत. काकूंना फक्त तारीख सांगायची आहे, कारण नाही. काय सांगू?" माझा अंदाज आहे की ती दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवेल. तपासण्या, ऑपरेशन, ड्रेनची नळी, रिपोर्टांच्या फायली, यात दहा तारीख कुणाच्या लक्षात राहते? पैसे बुडवणारी बाई भिशी लागल्यावर मेचा हप्ता वेळेवर भरत नाही.

ती म्हणाली की खरंच नाहीत, तर तिच्या संमतीनं, काकूंसमोर, वहीत लिहून उसने द्या. तुम्ही आणि तिच्या विश्वासातली अजून एखादी असेल तर दोघी मिळून. परतफेड जानेवारीपासून, तिला झेपेल तशी. द्यायची रक्कम अशी ठरवा की ती परत आली नाही तरी तुमच्या मुलांच्या फीला हात लागणार नाही.

उपचारांच्या खर्चाचं बोलणं निघालं तर एक विचारा: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काही होतंय का? योजनेतल्या रुग्णालयांत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांचा समावेश आहे, आणि तिथे बसलेला आरोग्यमित्र कागदपत्रं काय लागतात ते सांगतो. घरातल्या धावपळीत हे विचारायचं राहून गेलेलं असू शकतं.

तुमच्या नवऱ्याच्या वाक्याकडे येते. ते लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. जिम सोडली की बऱ्याच ओळखी विरतात. बॅच बदलली तरी विरतात. तुम्ही बारा जणींपैकी किती जणींच्या घरी जेवलात? कदाचित एकीच्याही नाही. पण सुजातानं ती गाठ कुणाला हात लावून बघायला सांगितली? नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, सासूला तर नाहीच. घामानं भिजलेला टी-शर्ट बदलता बदलता तुम्हाला सांगितली. घरी ती गाठ दाखवायची म्हणजे दिवा लावून, दार बंद करून, घाबरल्याचं कबूल करून दाखवायची. तुमच्यासमोर ते सहज झालं, चेस्ट प्रेसवर ढकलून झालं. तुमची ओळख तेवढीच होती म्हणून ते जमलं, असं मला वाटतं. तुमच्या दोघींच्या मध्ये सासर-माहेर नाही, आहेर नाही, मागच्या लग्नातला मानपान नाही. बारबेल छातीवर असताना दुसरीचे हात खाली आहेत, एवढा भरवसा पुरला. आणि तुम्ही "होईल बरं, तेल लाव" म्हणाला नाहीत, "आजच्या आज दाखव" म्हणालात. नवऱ्याला हे सगळं सांगता येणार नाही, कारण शपथ आहे. मग निदान एवढं सांगा की मी पडले आहे त्यात, आता निघायचा प्रश्न नाही.

ती परत येईल तेव्हाचंही थोडं सांगून ठेवते, कारण बायका नेमक्या तिथे घोटाळा करतात. जिममध्ये कुणी दोन महिन्यांनी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं, किती बारीक झालीस!" केमोनं उतरलेल्या बाईला हे ऐकवू नका. इतर जणी म्हणतीलच, त्यांना माहीत नाही. तेव्हा तुम्ही शेजारी असा आणि विषय बदला. केक नको, टाळ्या नकोत, 'वेलकम बॅक'चा फुगा तर नकोच.

ट्रेनरला मात्र सुजातानं स्वतः सांगायला हवं, हे तिच्या कानावर घाला. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची शक्यता असते, लिम्फेडेमा म्हणतात तिला. पूर्वी अशा बायकांना सर्रास सांगत, त्या हातानं पिशवीसुद्धा उचलू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांच्या हाताला आधीच सूज होती अशा बायकांना देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. म्हणजे जिम तिच्यासाठी संपलेली नाही. पण सुरुवात फिजिओथेरपिस्टकडून, भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्यासारख्या व्यायामापासून, आणि डंबेल डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. "जुनी आहेस, घे पाचचं" असं म्हणणारी ट्रेनर तिला चालणार नाही. तिची तिमाही फी भरलेली असेल तर मधले महिने पुढे ढकलून मिळतात का, हे काउंटरवर तुम्हीच विचारून ठेवा. पुष्कळ जिममध्ये मिळतात, पण वेळेत सांगावं लागतं. 'घरगुती कारण' एवढं पुरतं.

तुमच्या झोपेचं राहिलं. दोन महिने तुम्ही हे एकटीनं बाळगलं आहे आणि तुमच्या बोटांना ती गाठ अजून आठवत असणार. तुम्ही ४१ च्या आहात. भारतात बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे, आणि सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी स्तनांची डॉक्टरी तपासणी धरलेली आहे. ती करून घ्या. सरकारी दवाखान्यात किंवा तुमच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, पण याच महिन्यात. बॅचमधल्या दोघीतिघींना बरोबर न्या. कारण विचारलं तर म्हणा, चाळिशी झाली. कुणालाही संशय येणार नाही.

हे सगळं करूनही सुजातानं एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, तर? तर दहा तारखेला काकूंना बाजूला घेऊन सांगा की तिच्यापर्यंत पोचता आलेलं नाही, आणि ऑगस्टच्या हप्त्याचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. डिसेंबरपर्यंत थांबता येईल का, एवढं विचारा. घरी जायची वेळ आलीच तर तुम्ही एकट्या जा, हप्त्याचं नाव न काढता. आणि तिनं मध्येच एखाद्या दुपारी आपण होऊन फोन केला, तर त्या पहिल्या फोनवर भिशीचा विषय काढू नका. दुसऱ्यावर काढा.